कृष्णधवल छायाचित्रांत उजेडाची राखण

कोजागिरीच्या रात्रीं गच्चीवर दूध आटत असतांना घरांतील कोणी ना कोणी मोबाइल वर करून चंद्राचें छायाचित्र घेतोच. डोळ्यांना दिसत असतो तो स्वच्छ, वाटोळा, अंगावर सशाची आकृति वागविणारा चंद्र. चित्रांत मात्र उतरतो एक पांढरा फटफटीत डाग. ससा नाहीं, कडा नाहीं, नुसतें तेज. मग दोष यंत्राच्या स्वस्तपणाला दिला जातो. वस्तुतः लाख रुपयांचा कॅमेरा घेतला आणि सर्व कारभार त्याच्या मर्जीवर सोडला, तर तोही हाच डाग काढून हातीं देईल.

चंद्र रात्रीं दिसतो म्हणून तो रात्रीची वस्तु आहे, असा आपला समज असतो. खरें पाहतां तो भर उन्हांत पडलेला दगड आहे. त्याच्यावर पडणारें ऊन आपल्या अंगणांतल्या दुपारच्या उन्हासारखेंच. आणि दगडही पांढरा नव्हे, चांगला काळसर, कारण अंगावर पडलेल्या प्रकाशापैकीं सुमारें १२ टक्केच प्रकाश तो परत फेकतो. म्हणून पूर्ण चंद्राचें चित्र ज्याला साधावयाचें असेल त्यानें एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यांत प्रकाश किती व किती वेळ शिरूं द्यावयाचा तें प्रमाण, जवळजवळ दिवसाचेंच ठेवावें लागतें : आय. एस. ओ. १००, भिंगाचें छिद्र एफ-११, आणि वेळ सेकंदाचा शंभरावा भाग. कॅमेऱ्याला हें कोणीं सांगावें ? तो समोरच्या सगळ्या देखाव्याची सरासरी काढतो. देखाव्याचे नऊ हिस्से काळें आकाश; सरासरी फारच अंधारी येते; मग तो बिचारा शटर बराच वेळ उघडें ठेवतो. आकाश करडें होतें आणि चंद्र जळून जातो.

‘जळून जाणें’ हा छायाचित्रकारांचा नेहमींचा शब्द आहे आणि तो अगदीं यथार्थ आहे. चित्रांतील अत्यंत प्रकाशित जागा, जसें धुतलेलें धोतर, पिकलेले केंस, ढगाची कड, चुन्याची भिंत, यांना येथें ‘उजळ भाग’ म्हणूं. डिजिटल कॅमेऱ्यानें कृष्णधवल चित्र घेतांना या उजळ भागाची राखण कशी करावी, आणि ती इतक्या कसोशीनें कां करावी लागते, एवढाच प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

चंद्र जळाला तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. पुढच्या पौर्णिमेला तो पुन्हा येतो. परंतु घरोघरच्या चित्रांतही हाच प्रकार घडत असतो. आजोबांचें सहस्रचंद्रदर्शन असतें. खिडकीजवळ पाटावर बसलेले आजोबा, पिकलेले केंस, खांद्यावर पांढरें उपरणें. उजेड एका बाजूनें येत असतो. चेहरा नीट यावा म्हणून चित्र घेणारा प्रकाश वाढवितो. चेहरा येतो खरा. परंतु केंसांचा पुंजका, उपरण्याची चूण, उजेडाकडच्या गालावरील सुरकुत्या हीं सगळीं एका कोऱ्या जागेंत मिळून जातात. दहा वर्षांनीं तेंच चित्र मोठें करून भिंतीवर लावण्याची वेळ येते, आणि तेव्हां ध्यानांत येतें कीं, सांवलींतला भाग कारागीर उजळून देऊं शकतो, पण त्या कोऱ्या जागेंत काय होतें तें आतां कोणालाही काढून देतां येणार नाहीं. माणूस गेला आणि त्याच्या चेहऱ्याची उजेडाकडची बाजूही गेली.

रंगीत चित्रांत अशी हानि कांहींशी झांकली जाते. उपरण्याची वीण गेली तरी त्याचा तांबडा काठ उरतो. आकाशाची छटा गेली तरी खालीं हिरवें शेत असतें. नजर रंगावर समाधान मानते. कृष्णधवल चित्रांत रंगाची ही उसनवारी चालत नाहीं. तेथें जें कांहीं सांगावयाचें तें काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्यांनींच सांगावें लागतें, आणि या पायऱ्यांपैकीं वरच्या टोंकाच्या चारदोन पायऱ्या सर्वांत नाजुक असतात. कापडाचा पोत, कागदाची जाडी, म्हाताऱ्या कातडीची मऊ लकाकी, सकाळच्या धुक्यांतला उजेड हें सर्व त्या चारदोन पायऱ्यांवर बसलेलें असतें.

आतां यंत्राच्या पोटांत काय चालतें तें पाहूं. फिल्मच्या जागीं डिजिटल कॅमेऱ्यांत सेन्सर असतो आणि त्यावर लक्षावधि सूक्ष्म घरें असतात. त्यांना पिक्सेल म्हणतात. शटर उघडलें कीं या घरांवर प्रकाशाचे कण पडूं लागतात आणि त्या मानानें प्रत्येक घरांत विद्युत्कण सांठत जातात. पाऊस मोजण्यासाठीं अंगणांत ओळीनें मापटीं मांडून ठेवावीं, तसाच हा प्रकार. पाऊस थांबला कीं प्रत्येक मापट्यांत किती पाणी आलें तें मोजावयाचें आणि वहींत आंकडा टिपावयाचा. परंतु एखादें मापटें काठोकाठ भरून वाहूं लागलें, तर त्यानंतर पडलेल्या पावसाचा हिशोब राहत नाहीं. काठापर्यंत भरलें, एवढेंच म्हणतां येतें. शेजारचें मापटें त्याच्या दुप्पट पावसांत भिजलें असलें तरी त्याचाही आंकडा तोच. दोन्ही घरांतला फरक मेला. चित्रांत त्या दोन्ही जागा सारख्याच कोऱ्या.

अंधाऱ्या घरांची तक्रार वेगळी असते. तेथें पाऊसच थोडा. प्रकाशाचे कण नेमानें येत नाहींत, पावसाच्या थेंबांप्रमाणें कमी-जास्त पडतात, आणि ही कमी-जास्ती एकूण संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. जेथें सरासरी १०,००० कण यावयाचे तेथें १०० इकडे तिकडे होतात, म्हणजे शेंकडा एक. जेथें १०० च यावयाचे तेथें १० इकडे तिकडे, म्हणजे शेंकडा दहा. म्हणून काळोखाचे भाग नंतर उजळूं गेलें तर त्यांत खरखरीत रवा दिसूं लागतो. तो रवा कोणाला आवडत नाहीं, पण त्याच्या मागें आकृति शाबूत असते. खडे मिसळलेलें धान्य पाखडून निवडून घेतां येतें. कोठीच रिकामी असली तर सूप काय करणार? उजळ भाग आणि सांवली यांतला सगळा भेद एवढ्यांत आला.

फिल्मचा स्वभाव असा नव्हता. फर्डिनंड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड या इंग्लंडांतील दोघां संशोधकांनीं १८९० सालीं जो प्रसिद्ध आलेख मांडला, त्यांत असें दिसून आलें कीं, प्रकाश वाढवीत नेला असतां निगेटिव्हवरची काळी भर एकदम थांबत नाहीं, हळूहळू मंदावत जाते. त्या वळणाला आलेखाचा ‘खांदा’ म्हणतात. खांदा असल्यामुळें अतिप्रकाशित ढगांतही कांहीं तरी उरे. उलट सांवलींत पुरेसा प्रकाश पोंचला नाहीं तर निगेटिव्ह तेथें कांचेसारखी स्वच्छ राही आणि तेथून कांहींही मिळत नसे. म्हणून जुन्या मंडळींचा दंडक होता कीं, एक्स्पोजर सांवली पाहून द्यावें आणि उजेडाचा बंदोबस्त डेव्हलप करतांना करावा. डिजिटल सेन्सरला खांदा नाहीं, कडा आहे. वाट सरळ चढत जाते आणि एकदम तुटते. म्हणून दंडकही नेमका उलटा झाला : एक्स्पोजर उजळ भाग पाहून द्यावें आणि सांवलीचा बंदोबस्त नंतर संगणकावर करावा. फिल्मवर हात बसलेले पुष्कळ चांगले छायाचित्रकार डिजिटलवर आल्यावर पहिले कांहीं दिवस फसले, तें या एका गोष्टीमुळें.

तरी फिल्मच्या काळांतही उजळ भागावरून हिशोब मांडण्याचा प्रसंग येई, आणि त्याचें सर्वांत गाजलेलें उदाहरण म्हणजे अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांचें १९४१ सालचें हर्नांडिझ गांवावरील चंद्रोदयाचें चित्र. न्यू मेक्सिकोंतील त्या खेड्याजवळून जात असतां चंद्र वर आलेला, आणि मावळत्या उन्हाची शेवटची तिरीप स्मशानभूमींतील पांढऱ्या क्रुसांवर पडलेली त्यांना दिसली. मोठा कॅमेरा घाईघाईनें मांडला, तों प्रकाशमापक सांपडेना. तेव्हां त्यांनीं काय केलें ? पौर्णिमेच्या आसपासच्या चंद्राचें तेज दर चौरस फुटास २५० कॅंडल असतें हा आंकडा त्यांस पाठ होता. तो चंद्र चित्रांत पांढरा दिसावा, पण त्याचा पोत राहावा, असें स्थान त्यांनीं त्याला दिलें आणि त्यावरून उलट गणित करून एक सेकंदाचें एक्स्पोजर दिलें. दुसरें चित्र घेण्यापूर्वींच क्रुसांवरचें ऊन गेलें. त्या निगेटिव्हमध्यें चंद्र व ढग शाबूत होते. खालची जमीन मात्र दुबळी आली होती, व पुढें रासायनिक क्रियेनें ती सबळ करून घ्यावी लागली. उजळ भाग आधीं राखला, अंधाराची डागडुजी मागाहून केली. आज डिजिटल कॅमेऱ्यापुढें जें करावें लागतें तेंच हें.

येथें एक गंमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. जगांतला पहिला हातीं धरण्याजोगा डिजिटल कॅमेरा कृष्णधवलच होता. ईस्टमन कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन या तरुण एंजिनिअरानें तो १९७५ सालीं तयार केला. त्याचें चित्र आडव्या-उभ्या १००-१०० ठिपक्यांचें असे आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर टिपण्यास २३ सेकंद लागत. रंग आला तो त्याच कंपनींतील ब्राइस बेयर यांच्या युक्तीनें. १९७६ सालीं त्यांस तिचें पेटंट मिळालें. सेन्सरच्या प्रत्येक घरावर त्यांनीं एकेक रंगीत चष्मा बसविला : निम्म्या घरांवर हिरवा, एक चतुर्थांश घरांवर तांबडा, उरलेल्यांवर निळा. आजचे बहुतेक कॅमेरे व मोबाइल याच पद्धतीचे आहेत. अर्थात् आपण ज्याला कृष्णधवल चित्र म्हणून घेतों तें आंतून रंगीतच असतें; तीन रंगांच्या आंकड्यांचें ठराविक प्रमाणांत मिश्रण करून यंत्र त्याची एक करडी छटा बनवितें. नेहमींच्या प्रमाणांत हिरव्याचा वांटा शेंकडा ७०च्या वर, तांबड्याचा सुमारें २१, आणि निळ्याचा अवघा ७ असतो.

या मिश्रणांत एक फसगत दडलेली आहे, आणि महाराष्ट्रांतल्या छायाचित्रकाराला ती ठाऊक असणें विशेष जरूर आहे, कारण आपल्याकडे भगवा रंग सर्वत्र असतो. उन्हांत फडफडणाऱ्या भगव्या पताकेवरून येणारा प्रकाश मुख्यतः तांबडा. तांबड्या चष्म्याचीं घरें काठोकाठ भरून वाहूं लागलेलीं असतात, हिरवीं अर्धीं-मुर्धीं भरलेलीं, निळीं जवळजवळ रिकामीं. तिघांचें मिश्रण केल्यावर जी छटा निघते ती मध्यम करडी. म्हणून कॅमेऱ्याच्या पाठीवरचा कृष्णधवल आलेख सगळें ठीक असल्याची ग्वाही देतो. घरीं येऊन तीच पताका जरा उजळ व्हावी म्हणून तांबड्याचा वांटा वाढवूं गेलें, कीं तिच्या घड्या, वाऱ्यानें पडलेल्या लाटा, कडेची शिवण हीं सर्व नाहींशीं होऊन कापडाच्या जागीं रंगाऱ्यानें पुसलेला एक सपाट पट्टा दिसूं लागतो. कुंकवाचा मळवट, झेंडूचें तोरण, लाल पैठणी यांचीही हीच गत. यावर उपाय साधा आहे. कॅमेऱ्यांत तिन्ही रंगांचे वेगवेगळे आलेख दाखविण्याची सोय बहुधा असते. ती चालू करावी आणि तांबड्याच्या आलेखावर नजर ठेवावी.

ज्यांना ही रंगाची भानगडच नको त्यांच्यासाठीं लायका कंपनीनें २०१२ सालीं एम मोनोक्रोम नांवाचा केवळ कृष्णधवल कॅमेरा बाजारांत आणला; पेंटॅक्सनेंही २०२३ सालीं तसा एक काढला. यांच्या घरांवर चष्मे नाहींत, म्हणून प्रत्येक घराला सगळा प्रकाश मिळतो व चित्र फार बारीक पोताचें येतें. किंमत मात्र सामान्य कुटुंबाला झेपणारी नाहीं. शिवाय एक धोकाही आहे. रंगीत सेन्सरवर तांबडें घर जळालें तरी शेजारचें हिरवें शाबूत असूं शकतें, आणि त्याच्या आधारानें संगणक गेलेल्या तपशिलाचा कांहीं अंदाज बांधतो. केवळ कृष्णधवल सेन्सरवर असा शेजारधर्म नाहीं. घर भरून वाहिलें कीं संपलें. म्हणून असे कॅमेरे वापरणारे उजळ भागाला जरा जास्तच भितात, आणि तें भिणें योग्यच आहे.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं, आणि त्यासाठीं आषाढींतल्या वारीहून कठीण परीक्षा दुसरी नाहीं. दिवेघाटाच्या वळणावर उभें राहावें. समोरून पांढऱ्या टोप्या, पांढरे सदरे, पांढरीं धोतरें यांचा ओघ येत असतो. मध्येंच ढग फुटून कडक ऊन पडतें आणि क्षणांत सगळी दिंडी डोळे दिपवूं लागते. त्या पांढऱ्याच्या मधोमध उन्हांत रापलेले सांवळे चेहरे, कपाळीं काळा बुक्का. काळ्या-पांढऱ्याचीं दोन्ही टोंकें एकाच माणसाच्या अंगावर ! कॅमेऱ्याला स्वतःच्या बुद्धीनें चालूं दिलें तर तो काळ्या डोंगराकडे पाहून प्रकाश वाढवितो, आणि वारकरी धोतराऐवजीं चुना गुंडाळल्यासारखे दिसतात.

गणित असें आहे. प्रकाशमापक समोरच्या वस्तूला मध्यम करडी समजतो, म्हणजे शेंकडा १८ प्रकाश परत फेकणारी. छायाचित्रणांत प्रकाश दुप्पट करणें याला एक ‘स्टॉप’ वाढविणें म्हणतात. १८ ची दुप्पट ३६, तिची दुप्पट ७२; आणि स्वच्छ धुतलेलें पांढरें कापड शेंकडा ८०-९० प्रकाश परत देतें. तेव्हां पांढरें कापड मध्यम करड्यापेक्षां दोन स्टॉपांहून किंचित् अधिक उजळ असतें. यावरून व्यवहारी नियम निघतो. कॅमेऱ्याचें मापन ‘स्पॉट’वर ठेवावें, म्हणजे तो अगदीं लहानशा जागेचाच प्रकाश मोजील, ती जागा उन्हांतल्या सदऱ्यावर धरावी, जो आंकडा येईल त्याहून दोन स्टॉप प्रकाश अधिक द्यावा. मग कापड पांढरें येतें आणि त्याची वीणही राहते. तीन स्टॉप दिले तर बहुतेक कॅमेऱ्यांत कडा जवळ आली असें समजावें. एकदां हा आंकडा ठरला म्हणजे कॅमेरा मॅन्युअलवर ठेवून तो आंकडा कायम करावा, कारण ऊन तेंच असेतोंवर सदराही तोच. डोंगर मागें आला काय, आकाश आलें काय, आपण हालूं नये. ढग आला कीं मात्र पुन्हा मोजावें. त्या वेळीं तोच आंकडा ठेवला तर सगळी दिंडी संध्याकाळची वाटेल.

आणि चेहरे ? टोपीच्या सांवलींतला चेहरा अशा एक्स्पोजरमध्यें पडद्यावर पहिल्यांदां काळा दिसतो आणि नवशिक्या तो पाहून घाबरतो. घाबरण्याचें कारण नाहीं, मात्र चित्र ‘रॉ’ या कच्च्या नोंदींत घेतलेलें असावें. जेपेग पद्धतींत प्रत्येक ठिपक्याला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत फक्त २५६ पायऱ्या असतात. १२ बिटांच्या रॉ नोंदींत ४,०९६, आणि १४ बिटांच्या नोंदींत १६,३८४. जेपेगमधला काळा चेहरा उजळूं गेलें तर तो तुटक ठिगळांचा होतो. रॉमधला चेहरा दोन-तीन स्टॉप सहज वर येतो, फार तर किंचित् रवा दिसतो, आणि कृष्णधवल चित्रांत तो रवा फिल्मच्या दाण्यासारखा शोभूनही जातो. एवढें करूनही कापड आणि चेहरा यांत एकाचाच बचाव होणार असेल, तर चेहरा राखावा आणि कापडाला जाऊं द्यावें. धोतराच्या विणीसाठीं माणसाचे डोळे काळोखांत लोटणें हा छायाचित्रणाचा नव्हे, कापडाच्या दुकानाचा न्याय झाला.

उजळ भागाची राखण म्हणजे सदासर्वदा प्रकाश कमी करणें, असा जो समज पसरला आहे तो चुकीचा आहे. कोंकणपट्टीच्या मिठागरांत भर दुपारीं मिठाच्या राशींचें चित्र घ्यावें. समोर सगळेंच पांढरें. मापक त्यालाही मध्यम करडें समजून प्रकाश कमी करतो, आणि मीठ राखेसारखें उतरतें. येथें उजळ भागाला न्याय द्यावयाचा म्हणजे कॅमेऱ्याच्या प्लस-मायनसच्या चकतीवर दीड-दोन स्टॉप वाढवावे लागतात. मायकेल राइखमन या कॅनेडियन छायाचित्रकारानें २००३ सालीं याच अर्थाचा सल्ला दिला होता : आलेख उजवीकडे, म्हणजे पांढऱ्याकडे, शक्य तितका सरकवावा, मात्र भिंतीला आपटूं देऊं नये. त्यामागील हिशोब असा कीं, १२ बिटांच्या नोंदींतील ४,०९६ पायऱ्यांपैकीं निम्म्या, म्हणजे २,०४८, सर्वांत उजळ अशा एकाच स्टॉपांत असतात. तो स्टॉप रिकामा ठेवणें म्हणजे निम्मी वही कोरी ठेवणें. या पायऱ्यांच्या हिशोबापेक्षां अधिक कण मिळाल्यानें रवा कमी होतो हेंच खरें कारण आहे, असें पुढें अनेकांनीं दाखवून दिलें, आणि तें बरोबर दिसतें. सल्ला मात्र दोन्ही बाजूंनीं तोच ठरतो. स्थिर वस्तु असेल व वेळ हातांत असेल तर तो अवश्य पाळावा. धांवत्या दिंडींत किंवा नाचत्या लेझीमपथकांत काठाच्या इतकें जवळ जाण्यांत शहाणपण नाहीं; तेथें अर्धा स्टॉप मोकळा ठेवणारा सुखी राहतो.

ज्या आलेखाचा वर उल्लेख आला त्याला हिस्टोग्राम म्हणतात. डावें टोंक काळें, उजवें पांढरें, आणि कोणत्या छटेचे ठिपके किती तें त्याच्या उंचीवरून कळतें. उजव्या भिंतीला लागून उंच सुळका उभा राहिला कीं कांहीं तरी जळालें. तें कोठें जळालें हें मात्र आलेख सांगत नाहीं. त्यासाठीं जळालेल्या जागा लुकलुकविणारी सोय कॅमेऱ्यांत असते, ती वापरावी. रॉ घेणारांनीं ध्यानांत ठेवावें कीं, हा आलेख व ही लुकलुक कॅमेऱ्यानें आंतल्या आंत बनविलेल्या जेपेग चित्रावरून निघते, म्हणून रॉ नोंदींत त्यापलीकडेही थोडी जागा शिल्लक असते. किती, तें कॅमेऱ्यागणिक निराळें. उन्हांत टांगलेल्या पांढऱ्या टॉवेलाचीं पायरी-पायरीनें प्रकाश वाढवीत सातआठ चित्रें घेतलीं आणि वीण कोठें नाहींशी होते तें पाहिलें, कीं आपल्या यंत्राचा काठ कायमचा कळतो. एका सुटीच्या सकाळचें काम.

कांहीं पांढरें मात्र जाऊं द्यावयाचेंच असतें. ओवाळणीच्या तबकांतील निरांजनाची ज्योत, घासलेल्या समईवरची चमक, नदीच्या पाण्यावर फुटलेलें ऊन, डोळ्याच्या बाहुलींतला प्रकाशाचा बिंदु यांत पोत असा नसतोच. तीं दिव्याचीं व सूर्याचीं प्रतिबिंबें आहेत. ज्योतीचा गाभा वांचविण्याच्या हट्टानें एक्स्पोजर कमी केलें तर ओवाळणारी बहीण आणि पाटावरचा भाऊ दोघेही अंधारांत बुडतात, आणि चित्रांत उरते एक वात. अशा बिंदुमात्र पांढऱ्यानें कृष्णधवल चित्राला उलट जीव येतो. तो नसेल तर चित्र मळकट वाटतें. जपावयाचें तें ज्यांत कांहीं तपशील आहे असें पांढरें. हा निवाडा यंत्राला करतां येत नाहीं. लुकलुकणारी खूण ज्योतीलाही तशीच लुकलुकते आणि आजोबांच्या केंसांनाही.

मोबाइल वापरणारांना यांतलें पुष्कळसें आयतें मिळूं लागलें आहे. गूगलच्या संशोधकांनीं २०१६ सालीं आपली जी पद्धति निबंधरूपानें प्रसिद्ध केली, तींत फोन एक चित्र न घेतां अनेक चित्रें झपाट्यानें घेतो, आणि तीं सगळीं मुद्दाम कमी प्रकाशाचीं घेतो, जेणेंकरून उजळ भाग जळूं नये. मग तीं एकमेकांवर बसवून सांवलींतला रवा पुसून टाकतो. म्हणजे जें धोरण वर सांगितलें तेंच फोनच्या पोटांत घातलेलें आहे. त्याचा एक तोटा असा कीं, सांवली इतकी उजळली जाते कीं काळा म्हणून कांहीं उरतच नाहीं, आणि काळा गेला कीं कृष्णधवल चित्राचा कणा गेला. तेव्हां फोनवर पडद्यावरील पांढऱ्या कापडावर बोट टेकवावें, शेजारीं लहानसें सूर्याचें चिन्ह उमटतें तें खालीं ओढावें, कापडांत चूण दिसूं लागली कीं थांबावें. नंतर संपादनांत काळा भाग थोडा गडद करून घ्यावा.

राहतां राहिला प्रश्न छपाईचा. संगणकाच्या पडद्यावर पांढरें म्हणजे प्रकाश. कागदावर पांढरें म्हणजे नुसता कागद. २५५ या आंकड्याच्या जागीं छपाईयंत्र शाईचा एकही थेंब टाकीत नाहीं. तकतकीत कागदावर ही उघडी जागा, चित्र तिरकें धरलें कीं, भोवतालच्या शाईहून वेगळी चमकून भोंक पडल्यासारखी दिसते. म्हणून पोत असलेल्या सर्वांत उजळ जागेचा आंकडा छपाईपूर्वीं २४५ च्या आसपास आणून ठेवावा, इतकी हलकी शाई कीं ती डोळ्याला दिसूं नये, पण कागद झांकला जावा. २५५ ज्योतीला आणि समईच्या चमकेला ठेवावा. मोठी प्रत काढण्यापूर्वीं पोस्टकार्डाएवढी एक प्रत त्याच कागदावर काढून ती खिडकीच्या उजेडांत पाहावी. दिव्याखालीं पाहूं नये, कारण पिवळ्या दिव्याखालीं कागदाचा पांढरेपणा नीट पारखतां येत नाहीं.